राणीसाहेबांच्या मोटारीचे उदरी पाणी शिरले, त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, पदरचे मीठमिरची न घालता लिहिले ऐसे जे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी राजे मोरेश्वरराव आपले तीन खोल्यांचे मुलुखावर सुखे राज्य करीत होते. मुलूख लहान, परंतु मिजास थोर. राज्यात एक पांढरी मोटार, वयाने उतरलेली, आणि ती हाकणार खाशा राणी वैजयंतीबाईसाहेब. राजांस मोटार हाकणे कधी साधले नाही. ते शेजारी बसून रस्ता दाखवीत, आणि राणीसाहेब तिकडे कानाडोळा करून बिनचूक पोचत. राणीसाहेबांचे तीर्थरूप तात्यासाहेब घाटापलीकडे राहत. त्यांनी उभी हयात एसटीचे चाक हाती धरले आणि लेकीस मोटार त्यांनीच शिकविली. अलीकडे म्हातारपणे त्यांचे स्मरण विरत चालले होते. सकाळचे प्रहरी काही काळ डोके लख्ख असे, तेव्हा लेकीस ‘वैजू’ म्हणोन हाक मारीत. मग ऊन डोईवर आले की समोर कोण उभे, हे त्यांस उमजत नसे. म्हणोन राणीसाहेब दर रविवारी सकाळीच स्वारी काढीत, एकट्याच, आणि त्या एका हाकेवर आठवडा काढीत.

ऐसे असता शुक्रवारी जेवतेवेळी राजांची जीभ घसरली. बोलते झाले की, म्हाताऱ्यास दुपारी काही आठवत नाही, मग दर आठवड्यास घाट चढण्यात काय हशील. राणीसाहेब ताट उचलून उठल्या. त्या क्षणापासून दरबारी बोलणे बंद जाहले. ‘वाढलंय’ आणि ‘गॅस बंद करा’ इतकाच व्यवहार राहिला. राजांस आपली चूक तात्काळ कळली आणि फार वाईट वाटले. परंतु या घराण्याची रीत ऐसी की, गड घेणे सोपे आणि ‘चुकलो’ म्हणणे अवघड. मग मसलत केली की, जीभ वळत नाही तर हाताने भरपाई करावी. रविवारी राणीसाहेब उठण्याआधी मोटार आपण धुवावी, आणि धुवावी ती आतबाहेर धुवावी.

रविवारी उजाडताच खासे लेंगा खोचून अंगणात उतरले आणि बागेची नळी घेऊन मोटारीवर चालून गेले. टप धुतला, दारे धुतली, चाके धुतली. मग बॉनेट उघडले, तो आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या जागोजागी दोऱ्याने बांधलेल्या. राणीसाहेब दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालीत, यावरून राजे त्यांची नित्य थट्टा करीत. त्यांस वाटले, काटकसर आता इथवर पोचली. मग सर्व पिशव्या सोडून कचऱ्यात टाकिल्या आणि इंजिनावर नळीचा फवारा सोडिला. वर्षांचा मळ वाहून गेला, लोखंड चमकू लागले, आणि राजे त्याकडे पाहून फार संतुष्ट जाहले.

पुढे राणीसाहेब तयार होऊन आल्या, किल्ली फिरविली, आणि मोटार नुसती कण्हली. पुन्हा फिरविली, पुन्हा तेच. मग उतरल्या, बॉनेट उघडले आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. राजांनी वादळाची तयारी केली होती. वादळ आले नाही.

“पिशव्या कुठायत?” राणीसाहेबांनी विचारले.

“कचऱ्यात टाकल्या.”

“काल मीच बांधल्या होत्या. सकाळी धुताना आत पाणी उडू नये म्हणून. इथं ओलं फडकंसुद्धा घट्ट पिळून फिरवायचं असतं हो.”

इतके बोलून त्यांनी वर उन्हाकडे पाहिले. राजांनीही पाहिले. आपण मोटार भिजविली नाही, त्या दिवशीची ‘वैजू’ ही हाक भिजविली, हे त्यांस कळून चुकले.

मग राणीसाहेबांनी बॅटरीची तार सोडिली आणि एअर फिल्टर काढून उन्हात ठेविला, आणि प्लग एकेक काढून राजांचे हाती दिला, आणि राजांनी तो अंगातील नव्या सदऱ्याने पुसला. फडकी भिजली, सदरा काळा जाहला, ऊन चढत गेले. प्लग पुसता पुसता राजे खाली मान घालून बोलले, “माझं चुकलं. आजचंही आणि शुक्रवारचंही.”

“तो नीट धरा, पडेल,” राणीसाहेब म्हणाल्या. परंतु आवाज निवळला होता.

मोटार सुरू होईतो दुपार जाहली. तरीही स्वारी निघाली, आणि राजे आहे त्या सदऱ्याने बरोबर बसले आणि घाटभर रस्ता दाखविला नाही. तात्यासाहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी लेकीकडे पाहिले आणि अदबीने पुसले, “कोण बाई तुम्ही?” राणीसाहेब दोन पावले मागे सरल्या. मग म्हाताऱ्याची नजर राजांच्या काळ्या हातांवर गेली आणि ते खूण करून त्यांस जवळ बोलाविते झाले.

“मिस्त्री, काय झालं होतं गाडीला?”

“आत पाणी गेलं होतं, तात्या.”

“इंजिनावर पाणी मारतं का कुणी? माझी वैजू घाटातनं एकटी येते त्या गाडीत. मधेच बंद पडली तर पोरीनं काय करायचं?”

राणीसाहेब मागे उभ्या होत्या. पदर डोळ्यांस लावून तिथेच पायरीवर बसल्या. राजांस सांगता आले असते की मी मिस्त्री नव्हे, जावई. ते न सांगता त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “आता एकटी नाही पाठवणार तिला, तात्या. मी येत जाईन बरोबर.”

येणेप्रमाणे त्या दिवशी वडिलांस लेक ओळखू आली नाही. परंतु न ओळखताही ते तिची काळजी वाहतात, हे उभयतांस कळले. तदनंतर राजे दर रविवारी स्वारीबरोबर जातात. त्या दरबारी त्यांचे जावईपण बुडाले, मिस्त्रीपण मात्र कायम जाहले, आणि राजे ते निष्ठेने चालवितात. लेखनसीमा.