चकतीला हात लावायचा नाही

मला राग येत नाही, आणला जातो. आमच्या केबलच्या कारखान्यात लोक हे काम इतकं मन लावून करतात की त्यासाठी वेगळं खातंच उघडायला हवं.

विजेच्या जाड केबलवर प्लास्टिक चढवतात, वीज बाहेर फुटू नये म्हणून. त्या प्लास्टिकमध्ये मी डोळ्यांना न दिसणारी बारीक भुकटी मिसळली. नॅनो म्हणतात तिला. नेहमीचं प्लास्टिक जिथे हात टेकतं, त्याच्या दीडपट व्होल्टेजला माझं टिकणार, असं मी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. पथ्य एकच. चाचणीसाठी कापलेल्या त्या प्लास्टिकच्या चकत्या स्वच्छ आणि कोरड्याठाक हव्यात. ओलं बोट लागलं की कारभार आटोपला.

चाचणीला ग्राहकाकडचे इंजिनियर आले. साहेबांनी मला सकाळीच बजावलं होतं, "पास झालं तर ऑर्डर. नाही तर नॅनो बंद, आणि तुम्ही परत रंगखात्यात."

केबलना लाल-पिवळं-निळं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. मेलो तरी मी तिथे परत जाणार नव्हतो.

म्हणून मी कडक नियम केले. खोलीत सगळ्यांना हातमोजे, सगळ्यांना मास्क. तरी मशीन चालवणाऱ्या ताईंनी चकती बोटांनी उचलली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, चिमटा काय शोभेला ठेवलाय?" मी ट्रेवर वाकून ओरडलो.

"अहो, मोजे आहेत हातात."

"मोजेच काय, चिलखत घातलंत तरी हात लावायचा नाही!"

पहिली चकती लावली. व्होल्टेज अर्ध्यावर जायच्या आत फट् झालं आणि तिला भोक पडलं. मी ताईंना, भुकटीवाल्याला, अगदी चहावाल्यालाही एका दमात झाडलं. दुसरी त्याहून लवकर फुटली. मग मात्र मी एसीवाल्याशी भांडायला दाणदाण बाहेर गेलो.

परत येतो तर ताईंनी बंद पाकिटातली नवी चकती लावलेली, काटा दीडपटीच्या पुढे, आणि चकती शाबूत! आनंद राहिला बाजूला, मला आणखीच राग आला. मी गेल्यावर बरी टिकली! म्हणजे ट्रेमधल्या चकत्यांना कुणीतरी नक्की हात लावला होता.

"आत्ता चोर पकडतो," म्हणत मी फुटकी चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. बोटाचा ठसा कुठेच नव्हता. होते ते वाळलेले बारीक थेंब, एकाच बाजूने उडालेले. भोक बरोबर एका थेंबात पडलं होतं.

"थुंकी आहे," इंजिनियर म्हणाले.

"कोण तो? मास्क कुणी काढला होता?" मी गरजलो.

सगळ्यांचे मास्क जागच्या जागी होते. सगळे माझ्या हनुवटीकडे बघत होते. माझा मास्क तिथे होता. काय करणार, मास्क लावून मनासारखं ओरडता येत नाही हो.

इंजिनियर आमच्या साहेबांना म्हणाले, "माल पसंत आहे. फक्त हे गृहस्थ आणि चकत्या एका खोलीत नकोत."

ऑर्डर मिळाली, रंगखातं टळलं. हल्ली मी काचेच्या अलीकडे बसतो. पलीकडे ताई अजून चकती बोटांनीच उचलतात, तीही माझ्याकडे बघत. मी घसा फोडून ओरडतो. त्यांना काही ऐकू जात नाही. आणि संध्याकाळी ती काच मलाच पुसावी लागते.