चार बोटं वर

बातमी आली त्या दिवशी घरात पहिला मोठा आवाज झाला तो रडण्याचा नव्हता, थोरल्या मेव्हण्याचं कपाळ स्वयंपाकघरातल्या फळीवर आपटल्याचा होता. खांबकाका दवाखान्यातून आंघोळीपुरते घरी आले होते. तेवढ्यात फोन वाजला आणि काकू गेल्याचं कळलं. ते खुर्चीत बसून राहिले. मेव्हणा त्यांच्यासाठी पाणी आणायला आत धावला आणि फळीला धडकला. मग शेजारचे गृहस्थ चहा ठेवायला गेले, त्यांनाही तीच फळी लागली. दुपारी मुलगी आणि जावई आले. जावई जेवणाच्या टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याला धडकला. संध्याकाळपर्यंत तिघांच्या कपाळांवर टेंगळं आली होती, आणि भेटायला येणारे त्यांच्याकडे बघून आपसांत म्हणत होते की या तिघांनी फारच मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

यात दोष कोणाचा नव्हता. घर काकूंच्या मापाचं होतं. काकू चार फूट नऊ इंच. एकतीस वर्षांपूर्वी ते घर घेतलं तेव्हा गवंड्याने काकांना विचारलं होतं की ओटा किती उंच घ्यायचा. काका म्हणाले, "तिला विचार." काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, कोपरात हात वाकवला आणि म्हणाल्या, "इथपर्यंत." सुताराने फळ्यांचं विचारलं, त्यालाही तेच उत्तर. आरसा, कपड्यांची दोरी, खुंट्या, दिवा, दारातून बाहेर बघायचं भिंग, सगळं इथपर्यंत.

काका सहा फूट एक. खांबकाका हे नाव सोसायटीनेच ठेवलेलं. एकतीस वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात वाकून वावरला. दाढी करताना गुडघ्यांत, चहा करताना कमरेत, आणि दाराबाहेर कोण आलंय ते बघताना तर पार दुमडून. बाहेरही पोक तसंच राहायचं. लोक म्हणत, एवढा उंच माणूस, पण किती नम्र. काका विशेष नम्र नव्हते. त्यांची कंबर तशी बसली होती.

घरात आणखी एक वाटणी होती. 'बघू' म्हणायचं काम काकांचं आणि 'नाही' म्हणायचं काकूंचं. कोणी काही विकायला आलं, कोणी लग्नात राहायला बोलावलं, कोणी समितीवर घ्यायला आलं, की काका म्हणायचे, बघू. मग काकू हात पुसत बाहेर यायच्या आणि जमणार नाही म्हणून सांगायच्या. काकांना आयुष्यात कोणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ आली नव्हती.

त्यामुळे चार महिन्यांनी मुलगी म्हणाली की एकट्याने इथे राहून काय करणार, घर विकून आमच्याकडे या, नवव्या मजल्यावर तुमच्यासाठी खोली काढून ठेवली आहे, तेव्हा काका सवयीने म्हणाले, "बघू." आणि सवयीनेच त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारातून कोणी आलं नाही. मुलीने बघू म्हणजे हो असं धरलं. आठवड्याच्या आत एजंट दारात उभा राहिला.

एजंट चांगला उंच होता. पहिलं पाऊल आत टाकलं आणि दिव्याला धडकला. कपाळ चोळत त्याने सगळ्या घरावर नजर फिरवली आणि विचारलं, "काका, हे घर कोणासाठी बांधलंय?"

"राहायला," काका म्हणाले.

मग एजंटाने अर्धा तास घर विकण्याचं शास्त्र सांगितलं. घरातली माणसं घरात दिसता कामा नयेत, म्हणून फोटो काढा. भिंती फिक्या ठेवा. घेणाऱ्याला घर मोठं वाटलं पाहिजे, आणि तुमच्या घरात सगळ्या वस्तू जमिनीच्या ओढीने खाली आल्यासारख्या वाटतात. तेवढ्या वर घ्या. सुरुवात आरशापासून करा. तीन आठवड्यांनी रविवारी एक चांगलं गिऱ्हाईक आणतो. "काम छोटंच आहे हो," असं म्हणून तो जाताना वाकून गेला, तरी भिंगाची कडी त्याच्या गालफडाला लागलीच.

आरसा काकांनी स्वतः काढला. दोन स्क्रू होते, त्यांना वाटलं एका सकाळचं काम. आरसा निघाला आणि मागे गुलाबी चौकोन निघाला. भिंत पिवळी होती. म्हणजे मधल्या काळात रंगारी येऊन गेला होता आणि त्याने आरसा न काढता कडेने रंग मारला होता. आरसा फूटभर वर गेला, गुलाबी चौकोन खाली उघडा राहिला. एका खिडकीखाली दुसरी खिडकी असावी तसं दिसायला लागलं. मुलीने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं की रंगारी बोलवा, आणि बाबा, आता बेसिन फार खाली वाटतंय, बालवाडीतल्यासारखं.

प्लंबर आला. त्याने बेसिन वर घेतलं, तर पाइप पुरेना. पाइप वाढवायला भिंत फोडावी लागली. त्या भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं. प्लंबर इकडून छिन्नी मारत होता आणि पलीकडे ती प्रसिद्ध फळी डब्यांसकट हलत होती. काकांनी ते बघितलं आणि थांबायला सांगायला ते इकडे आले. ते इकडे येईपर्यंत ती तिकडे पडली. डाळ, साखर, मीठ आणि कपडे धुवायची पावडर एक झाली. काकांनी ती वेगळी करायला घेतली आणि पंधरा मिनिटांनी सोडून दिली.

"फळी आमच्यात येत नाही," प्लंबर म्हणाला. "सुतार बोलवा."

सुताराने फळी बघितली, भिंत बघितली, प्लंबरच्या कामाबद्दल दोन शब्द बोलला आणि पेन्सिल कानामागून काढून म्हणाला, "किती उंच घेऊ?"

काका म्हणाले, सर्वसाधारण असते तेवढी.

"सर्वसाधारण असं काही नसतं, काका. मापाला माणूस लागतो. वापरणार कोण?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. "माझंच धर," ते म्हणाले, आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

इथे चूक झाली. पण ती तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, कारण सुताराने काकांना सरळ उभं राहायला सांगितलं होतं, आणि एकतीस वर्षांत प्रथमच सरळ उभे राहिल्यामुळे काका बरेच वर गेले होते. फळी त्या मापाने बसली. ती वर गेल्याबरोबर ओटा खाली गेल्यासारखा दिसू लागला. गवंडी आला. जुना ओटा फोडायचा तर आठवडा जाईल, त्यापेक्षा आहे त्यावर दुसरी दगडी फरशी टाकतो, चार बोटं वर येईल, असं तो म्हणाला. चार बोटांत सिमेंट धरून जवळजवळ दहा बोटं वर आली. त्यामुळे ओट्यासमोरची खिडकी, जी आत उघडायची, ती उघडेना. नळाखाली पातेलं मावेना. पुन्हा प्लंबर. त्याने नळ वर घेतला. नळ वर गेला तसा तो नव्या फळीला टेकला. पुन्हा सुतार. त्याने फळी आणखी वर घेतली आणि प्लंबरबद्दल आणखी दोन शब्द बोलला. त्याच फेरीत त्याने दाराला वर नवं भिंग बसवलं. जुनं बुजवायला जुळतं लाकूड नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं. दाराला आता एकाखाली एक दोन डोळे झाले.

या सगळ्यात सर्वांत जास्त हाल काकांचे झाले. त्यांच्या शरीराला कोणी सांगितलं नव्हतं की घर वर गेलंय. सकाळी ते गुडघ्यांत वाकून आरशासमोर उभे राहायचे आणि समोर रंगाऱ्याने पांढरी करून ठेवलेली भिंत बघत गालाला साबण लावायचे. तोंड धुवायला वाकले की हनुवटी बेसिनवर. दिवा वर गेला होता तरी टेबलापाशी आले की मान आपोआप खाली जायची, आणि वर केली की डोकं सुताराने वर सरकवलेल्या कपाटाच्या दाराला लागायचं. एकतीस वर्षांत त्यांना या घरात एकदाही लागलं नव्हतं. तीन आठवड्यांत चार टेंगळं आली.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं की चाललंय काय.

"घर सुधारतोय," काका म्हणाले.

"कोणासाठी?"

"जे घेतील त्यांच्यासाठी."

"आणि तुम्ही?"

काका म्हणाले, "बघू."

रविवारी मुलगी सकाळीच आली. तिने चहा करायला घेतला आणि ओट्यापाशी स्टूल ओढून त्यावर उभी राहिली. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, तो काकांनी काढून दिला. तिने ओट्याकडे आणि मग बापाकडे बघितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण बेल वाजली.

एजंटाच्या मागून गिऱ्हाईक आत आलं. नवरा-बायको, दोघंही चाळिशीचे, सभ्य, हसतमुख. नवरा एजंटाच्या खांद्याला लागत होता. बायको नवऱ्याच्या खांद्याला लागत होती. मुलीने डोळे मिटून घेतले.

एजंट मात्र कसलेला होता. त्याने प्रशस्त हा शब्द पाच वेळा वापरला. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. आरशात त्यांचा भांग तेवढा दिसत होता. त्यांनी टाचा उंचावल्या, तेव्हा कपाळ दिसलं.  दोरीकडे त्यांनी हात वर केला आणि खाली घेतला. स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी थांबल्या. ओटा त्यांच्या छातीला लागत होता. तिथे त्या बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या, दुकानाच्या गल्ल्यापाशी सुट्टे परत मिळायची वाट बघत असाव्यात तशा.

नवऱ्याने काकांना विचारलं की अगोदर इथे कोण राहत होतं. आपणच राहतो असं काका म्हणाले. नवऱ्याने त्यांच्याकडे खालून वर बघितलं आणि मान डोलावली. त्याचं समाधान झालं होतं.

बाहेर येऊन दोघं हळू आवाजात बोलले. मग बाई म्हणाल्या, "घर आवडलं आम्हाला. उजेड चांगला आहे, वारा आहे. आम्ही घेऊ. फक्त एक अडचण आहे. हे सगळं जरा खाली घेऊन द्याल का?"

एजंट तयारच होता. "का नाही? काम छोटंच आहे. आरसा फूटभर, फळी दीड फूट, ओट्याची वरची फरशी काढली की झालं. पंधरा दिवसांत करून देतात काका. काय काका?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी तोंड उघडलं. मुलीला माहीत होतं काय येणार, ती कागदपत्रांची पिशवी उघडायलाही लागली. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, पण थोडंच.

"खाली घेतो," ते म्हणाले. "पण मग विकत नाही."

एजंटाला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे नाही."

 मग काका बाईंना म्हणाले, "तुमचा राग नाही हो. तुम्ही चहा घेऊन जा." त्या दोघांनी चहा घेतला, उभ्याउभ्याच, कारण कप ठेवायला ओटा उंच होता. जाताना बाईंनी दाराच्या खालच्या भिंगातून सहज बाहेर बघितलं आणि म्हणाल्या की हे मात्र बरोबर आहे. एजंट शेवटी गेला. अर्धा तास शिकवलेलं शास्त्र असं वाया गेल्यावर माणूस जसा जातो तसा गेला, आणि कशाला धडकलाही नाही.

मुलगी बराच वेळ भांडली. तिचं म्हणणं साधं होतं. इतका खर्च, इतका त्रास करून घर वर घेतलं. आता ते खाली घ्यायचं, आणि राहणार सहा फूट एक इंचाचा माणूस. "बाबा, विकायचं नाही ते मी समजू शकते. पण मग राहू दे ना वर. तुमच्या मापाचं झालंय पहिल्यांदा. खाली कोणासाठी घेताय?"

"लागतं मला," काका म्हणाले, आणि कपाळावरची टेंगळं दाखवली.

"सरळ चालायची सवय करा."

"आता कुठे करू?"

 मुलीने पिशवी बंद केली, स्टुलावर चढली आणि कप विसळायला लागली. काका तिच्या शेजारी वाकून उभे राहिले. ती म्हणाली की मी नसताना आजारी पडलात तर काय करणार. काका म्हणाले, फोन करेन. ती म्हणाली, नक्की? काका म्हणाले, नक्की. बघू म्हणाले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. पुन्हा खाली घ्यायचंय म्हटल्यावर तो पेन्सिल कानामागेच ठेवून भिंतीकडे बघत बसला. भिंतीत आता भोकंच जास्त आहेत, भिंत कमी आहे, असं त्याचं मत पडलं. तरी त्याने फळी आणली खाली, जुन्या भोकांत नवे खिळे ठोकून. माप घ्यायची गरज नव्हती. भिंतीवर जुनी फळी जिथे होती तिथे मळकी रेघ होती. प्लंबर सुतार गेल्यावर आला आणि सुताराबद्दल बोलला. आरसा खाली आला. कपड्यांची दोरी खाली आली. दिवा काकांनी स्वतःच खाली घेतला, आणि त्या संध्याकाळी शेजारचे गृहस्थ त्याला धडकले.

ओटा राहिला. गवंडी म्हणतो, वरची फरशी सिमेंटने अशी धरली आहे की ती काढायला गेलो तर खालची जुनीही फुटेल. काकांनी त्याला सांगितलं आहे की खालची फुटता कामा नये. त्याने विचार करून सांगतो म्हटलं आहे. तेव्हापासून तो आलेला नाही. ओटा अजून वरच आहे, खिडकी अजून उघडत नाही.