दोन तोंडांची वायर

वीज गेली की अख्खं गाव ज्या बाईला फोन करायचं, तिच्याच घरी वीज सगळ्यांत शेवटी यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की इथला अंधार खुद्द दिव्याने मुद्दाम ठेवलेला होता.

बाईंचं पद कागदोपत्री ‘वायरमन’. लोकांनी त्याला ‘बाई’ जोडून विषय मिटवला होता. वायरमनबाईंचा नियम ठरलेला: आधी दवाखाना, मग पाण्याची टाकी, मग बाजार, मग बाकीच्या गल्ल्या आणि अगदी शेवटी स्वतःची गल्ली. का? तर लोक म्हणतील, बाईंनी आधी आपलं घर उजळलं. खरं तर लोक असं काही म्हणत नव्हते. त्यांना फक्त आपली लाइट कधी येणार एवढंच हवं असे. पण बाईंच्या डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की ती काढायला शिडीसुद्धा पुरत नसे.

गल्लीतल्या बाकीच्यांना या नियमाचा त्रास व्हायचा, पण त्यांच्या घरी मासे नव्हते. बाईंचा नवरा घरीच रंगीत मासे वाढवून विकायचा, म्हणून त्याला सगळे मासेवालाच म्हणत. समोरच्या खोलीत अकरा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत हवेचा पंप बुडबुडत असायचा. वीज गेली की अकराही टाक्या गप्प. थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागत, आणि मासेवालाही.

म्हणूनच त्याने जनरेटर आणला होता. तो आणून सहा महिने झाले होते आणि सहा महिने तो व्हरांड्यात जुन्या चादरीखाली पडून होता.

“मी रविवारी नीट जोडून देते,” बायको म्हणायची. “तोवर हात लावायचा नाही.”

पण रविवार आला की कुठला तरी खांब वाकायचा. खांबांना वार कसे कळतात, हे मासेवाल्याला पडलेलं कोडंच होतं. त्याला अशी बरीच कोडी पडत. जनरेटर घराला जोडायचा म्हणजे नक्की कुठे जोडायचा? बटणाला? मीटरला? आणि घराला तरी कसं कळणार, की ही वीज आपली आहे, कंपनीची नव्हे?

त्या दिवशी सकाळी दहाला मागे येणाऱ्या एका ट्रकने कोपऱ्यावरचा खांब वाकवला आणि लाइट गेली. एरवी मासेवाल्याने दोन टाक्या वाऱ्यावर सोडल्या असत्या. पण पाचव्या टाकीत त्या आठवड्यात पिल्लं झाली होती. ती निळी जोडी चार वर्षं अंडी घालत होती आणि चार वर्षं आपलीच अंडी नाश्त्याला खात होती. या खेपेला आईबापांना काय सुबुद्धी झाली कोण जाणे. अडीचशे पिल्लं, प्रत्येक मोहरीच्या दाण्याएवढं. मासेवाला रोज सकाळी दात घासायच्या आधी त्यांना बघून यायचा. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, असं त्याची आई सुनेदेखत म्हणायची.

बॅटरीवरचा एकुलता एक पंप तासाभरात थंड पडला. तेव्हा त्याच्या आईने पदर खोचला, हातात प्लास्टिकचा मग घेतला आणि पाचव्या टाकीतलं पाणी उचलून वरून अलगद सोडायला लागली. तेवढीच पाण्यात हवा.

“असं किती वेळ करायचं रे?” तिने विचारलं.

“लाइट येईपर्यंत.”

“म्हणजे संध्याकाळपर्यंत. माझा हात काय जनरेटर आहे?”

नेमका याच वेळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, मोबाइलच्या दुकानात कामाला. चार्जर कळला की वीज कळली, असा त्याचा ठाम समज होता.

“भाऊजी, जनरेटर असून मावशींना पाणी उपसायला लावताय? काय हे!”

“ताईने हात लावू नको म्हणून सांगितलंय.”

“ताईचं सोडा. ती पुस्तकातलं सांगते.”

पहिली युक्ती साधी होती. जनरेटर व्हरांड्याच्या टोकाला, एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून आत, बोर्डावर पंप. यात वाईट काही नव्हतं, फक्त वायर आठ फूट कमी पडली. म्हणून त्यांनी जनरेटर खिडकीखाली सरकवला आणि दोरी ओढली. जनरेटरने सहा महिन्यांचा सगळा राग एकदम काढला. पंप बुडबुडायला लागले, मासेवाल्याने टाळी वाजवली, आणि तेवढ्यात खिडकीतून भसकन धूर आत आला. खिडकी लावावी तर मध्ये वायर.

“अरे, बंद कर ते!” आई खोकत ओरडली. “पंप खोलीतलीच हवा ओढतोय ना? म्हणजे पिल्लांना धूर पाजतोयस तू!”

हे मासेवाल्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने धावत जाऊन जनरेटर बंद केला. लांब वायर आणावी, तर विजेच्या सामानाचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद. मेहुण्याने मात्र हार मानली नाही. व्हरांड्याच्या टोकाला वॉशिंग मशीनचा प्लग होता. त्याच्याकडे तो थोडा वेळ डोकं तिरकं करून बघत राहिला.

“भाऊजी, प्लगातून वीज बाहेर येते, बरोबर?”

“बरोबर.”

“मग प्लगातून आत का नाही जाणार?”

पंधरा मिनिटांत त्याने एक वायर तयार केली. तिच्या दोन्ही टोकांना पिना. जनरेटर पुन्हा टोकाला, वायरचं एक टोक त्याला, दुसरं भिंतीतल्या प्लगात. सगळ्या घरात लाइट, ना खिडकी उघडायची, ना धूर. मासेवाल्याला हे इतकं सोपं वाटलं की त्याला शंका आली.

“पण काय रे, विजेला कसं कळणार की आपल्या घरापुरतंच राहायचं?”

“कुठे जाणार ती? मध्ये मीटर आहे ना.”

“मीटर मोजतो रे, अडवतो कुठे? शिवाय त्यातूनच तर वीज आत येते. मग त्यातूनच बाहेर नाही का जाणार?”

आत टाकीजवळून आईचा आवाज आला. “आणि बाहेर गेली तर खांबापर्यंत जाईल. आणि खांबावर कोण आहे?”

खांबावर कोण असणार, हे सांगायची गरज नव्हती. बायकोला फोन लावला, पण काम करताना तिचा फोन खाली पिशवीत असायचा. मेहुण्याने घाम पुसला, तरी त्याचा हट्ट सुटेना. “ती जेवायला खाली उतरली असेल तर? मग तेवढ्यात आपण अर्धा तास पंप चालवू.”

पिल्लं आता पाण्याच्या वर येऊन चिकटली होती. त्यांच्याकडे पाहून मासेवाल्याचं काळीज तुटत होतं, म्हणून त्याने अर्धवट शहाणपणाचा निर्णय घेतला. “मी कोपऱ्यावर जाऊन बघतो. ती खांबावर नसेल तर तुला मिस्ड कॉल देतो. मिस्ड कॉल आला तरच लावायचं.”

“पक्कं,” मेहुणा म्हणाला आणि दोरी हातात धरून बसला.

मासेवाला धावत कोपऱ्यावर पोचला. कमरेला पट्टा बांधून बायको खांबाच्या टोकाला होती. खाली तिचा जोडीदार, निवृत्तीला आलेला वायरमन, मान वर करून उभा होता, आणि त्याच्याभोवती पंचवीस-तीस माणसं. त्यात सगळ्यांत पुढे इस्त्रीवाला, कारण त्याची इस्त्री विजेवरची होती.

ती वर आहे हे बघून खरं तर मासेवाल्याने मुकाट्याने परत फिरायला हवं होतं. पण जिज्ञासा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

“अगं!” त्याने खालूनच विचारलं. “वॉशिंग मशीनच्या प्लगातून जनरेटरची वीज घरात घातली, तर ती इथपर्यंत येते का?”

बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

“अहो,” ती वरून अतिशय हळू आवाजात म्हणाली, “कोण घालतंय?”

“अजून कुणी नाही. तुझा भाऊ तयारीत बसलाय. मिस्ड कॉलची वाट बघतोय.”

खालचा जोडीदार ओरडला, “बाई, उतरा! येते, येते! नुसती येत नाही, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून वाढून येते!”

“अहो, मग त्याला फोन करून सांगा ना, लावू नको म्हणून!” इस्त्रीवाला म्हणाला आणि उत्साहाच्या भरात त्याने स्वतःच फोन लावलासुद्धा. त्याचा मोबाइल मेहुण्याच्याच दुकानातला, नंबर तोंडपाठ.

“फोन करू नका!” मासेवाला किंचाळला. “तो उचलणार नाही!”

“का?”

“मिस्ड कॉल आहे ना! उचलला तर तो मिस्ड कसा होईल?”

इस्त्रीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. घाबरून त्याने फोन कापला आणि मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. “मी... मी आता दिला का मिस्ड कॉल?”

“घंटी वाजली का?”

“काय माहीत! मी कानालाच लावला नव्हता!”

मग जे काही झालं त्याला पळापळ हा शब्द फार सभ्य आहे. मासेवाला घराकडे सुटला. त्याच्यामागे इस्त्रीवाला, त्याच्यामागे अर्धी गर्दी. उरलेली अर्धी खांबापासून लांब उलट्या दिशेला पळाली. मासेवाल्याच्या डोळ्यांपुढे आता एकही मासा नव्हता, फक्त खांबावरची बायको होती. आयुष्यात तो इतका कधी घाबरला नव्हता, आणि इतका कधी पळालाही नव्हता.

व्हरांड्यात मेहुणा दोरी धरून तसाच बसला होता. जनरेटर गप्प. मासेवाल्याने भिंतीतल्या प्लगातली पिन उपटली, वायर अंगणात भिरकावली आणि धापा टाकत पायरीवर बसला.

“भाऊजी,” मेहुणा कळवळून म्हणाला, “किती वेळ लावलात! मिस्ड कॉल दिलात का? माझ्या फोनची बॅटरीच संपली हो. चार्ज करायला लाइट कुठे आहे?”

इस्त्रीवाला तिथेच खाली बसला.

बाईही मागून आल्या. त्या अजिबात पळत आल्या नव्हत्या. “तारा जमिनीला जोडल्याशिवाय मी वर चढत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला काही झालं नसतं.” पण अंगणातली वायर उचलून त्यांनी पक्कडीने तिचे तुकडे केले, आणि मग भावाला जे शब्द ऐकवले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. 

“अगं, चुकलं माझं,” मासेवाला म्हणाला. “पिल्लं मरत होती.”

बाईंनी खिडकीतून आत पाहिलं. सासूबाई अजूनही मग भरून भरून पाणी सोडत होत्या. बाईंनी खालचा ओठ चावला. “दवाखाना झालाय, टाकी झालीय,” त्या म्हणाल्या. “आता बाजार, मग वरच्या गल्ल्या. चार वाजेपर्यंत आपली—”

“काय?” इस्त्रीवाला ताडकन उठला. “चारपर्यंत हा माणूस नि त्याचा मेहुणा घरात मोकळे? नाही, नाही! बाई, आधी यांची लाइट लावा!”

“असं कसं? लोक काय म्हणतील?”

“अहो, लोकच म्हणतायत!” गर्दीतून पाच-सहा आवाज एकदम आले.

वायरमनबाईंच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांची गल्ली बाजाराच्या आधी उजळली. अकरा टाक्या पुन्हा बुडबुडल्या. मासेवाल्याच्या आईने हातातला मग खाली ठेवला, दंड चोळला आणि टाकीत डोकावून ती म्हणाली, “सगळी हलतायत रे.” मासेवाला चष्मा पुसत राहिला.

पुढच्या रविवारी खांब वाकायच्या आत बाईंनी घरात चेंजओव्हर बसवला. भिंतीवर एक लोखंडी पेटी आणि तिला एक दांडा.

“वर केला की कंपनीची वीज, खाली केला की जनरेटरची,” त्यांनी दाखवलं. “दोन्ही एकदम कधीच नाही.”

“सवतींसारखं,” सासूबाई म्हणाल्या.

मासेवाल्याला तो दांडा फार आवडला. त्याने पेटी पुसली, जनरेटरला टोकाला शेड केली, दारात उभं राहून गल्लीतल्या प्रत्येकाला समजावलं, की आता काही भीती नाही, वीज बाहेर जाऊच शकत नाही. सगळ्यांनी माना डोलवल्या. विश्वास एकानेही ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी लाइट गेली. मासेवाला आनंदाने उठला. व्हरांड्यात जाऊन त्याने दोरी ओढली, जनरेटर लागला, परत आत येऊन त्याने दांड्याला हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली. त्याच्या पुढच्या वेळी सात मिनिटांत आली. त्याच्या पुढच्या वेळी चार. चौथ्या वेळी मात्र त्याला राहवलं नाही. लाइट जाताच त्याने आधी बायकोला फोन लावला. नशिबाने ती अजून खालीच होती.

“अगं, एवढी कसली घाई करता तुम्ही? आज जरा शेवटी ठेव ना आम्हाला. एकदा तरी दांडा खाली करून बघू दे.”

“मी ठेवेन हो,” बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “पण इथे सगळी गल्ली शिडी धरून उभी आहे. विचारतायत, तुमचा हात आत्ता कुठे आहे?”

मासेवाल्याने निमूटपणे हात खिशात घातला. “खिशात आहे म्हणावं,” तो म्हणाला.