डाव्या लॉबीतली कलिंगडं

शेती खात्याचं बजेट विधानसभेत पास कसं करून घ्यायचं, ते मला विचारा! मी कृषिमंत्र्यांचा स्वीय सहायक. हे वाक्य मी न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा छाती पुढे काढून म्हणत असे. परवापासून जरा हळू आवाजात म्हणतो.

लोकांना वाटतं, बजेट म्हणजे मंत्र्याचं भाषण. भाषणाचं काही नाही हो, ते मीच लिहितो आणि ते कोणीच ऐकत नाही. खरी कसोटी मतं घेताना. आमच्या सभागृहात बटणं वगैरे नाहीत. सभागृहाच्या उजव्या हाताला एक लॉबी, ती 'होय'ची. डाव्या हाताला दुसरी, ती 'नाही'ची. वाद झाला आणि कोणी मतविभागणी मागितली की घंटा वाजते आणि आमदारांनी आपापल्या मताच्या लॉबीत जाऊन उभं राहायचं. घंटा थांबली की दारं बंद, आणि दोन्हीकडचे कारकून डोकी मोजतात, नावं टिपतात. तोंडाने तुम्ही काय बोललात याला शून्य किंमत. डोकं कुठे उभं आहे, ते महत्त्वाचं.

आता आमचं बहुमत म्हणजे काठावरचं. त्यात आमचे आमदार जेवण झालं की गायब! कोणी कँटीनमध्ये गप्पा ठोकतोय, कोणी ग्रंथालयात जाड पुस्तकाआड घोरतोय. खात्याच्या खर्चाची मागणी पडली की सरकार पडणार. साहेब तर उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मंत्री झालेले. आमदारांना हाकून आणण्याचं काम असतं पक्षाच्या प्रतोदाचं, तो बिचारा आदल्या दिवशी काळजीने अर्धा झाला होता.

"उद्या माणसं जागेवर राहतील ना हो?" त्याने विचारलं.

"माझ्यावर सोडा आणि शांत झोपा," मी म्हणालो.

माझी योजना साधी होती. खात्याच्या संशोधन केंद्रात नव्या वाणाची कलिंगडं निघाली होती. बिनबियांची, आतून लालभडक, साखरेला लाजवतील अशी. केंद्रातल्या संशोधक बाईंना सुरीसकट बोलावलं, कँटीनची चहाची ट्रॉली मागून घेतली, आणि सभागृहाला लागूनच, डाव्या लॉबीत, प्रदर्शन मांडलं. डावीकडेच का? तर तिथे हात धुवायला बेसिन होतं. विचार एवढाच केला, त्यापुढे केला नाही.

जेवणानंतर एकही आमदार हलला नाही. आमचे तर आलेच, विरोधकही आले. विरोधी पक्षनेत्यांना सगळे तात्या म्हणतात. ते एका हातात भाषणाचे कागद आणि दुसऱ्या हातात फोड घेऊन आत-बाहेर करत होते.

पहिलं मतदान झालं विरोधकांच्या कपात सूचनेवर. म्हणजे 'या खात्याचा खर्च कमी करा, यांना काही जमत नाही' असं सभ्य भाषेत म्हणायचं. ती हाणून पाडायला आम्हाला 'नाही' हवं होतं, म्हणजे डावी लॉबी. आमची माणसं तिथेच होती, खात होती. विरोधकांनी उजवीकडे जायचं होतं, पण "एवढी फोड संपवून आलोच" म्हणता म्हणता घंटा थांबली आणि दारं बंद झाली. कपात सूचना अशी दणकून आपटली की कारकुनाने दोनदा मोजलं. प्रतोदाने मला मिठीच मारली. मी स्वतःसाठी एक मोठी फोड उचलली. कमावली होती हो मी ती!

ती तोंडापर्यंत पोचायच्या आत अध्यक्षांनी मूळ मागणी मताला टाकली. खात्याचा सगळा खर्च मंजूर करावा, होय की नाही? तात्यांनी पुन्हा मतविभागणी मागितली. घंटा सुरू झाली. प्रतोदाचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"अहो, आता आपल्याला 'होय' म्हणायचंय," तो म्हणाला.

"मग म्हणू की."

"'होय' उजवीकडे आहे. माणसं डावीकडे आहेत."

माझ्या हातातली फोड खाली पडली. आमचं अख्खं सरकार 'नाही'च्या लॉबीत बसून कलिंगड खात होतं! मी एकेकाच्या पाया पडायला लागलो. "दादा, पलीकडे चला." "हो हो, हात धुतो आणि येतो." बेसिनपुढे रांग लागलेली. तेवढ्यात तात्या आत आले. त्यांनी एक नजर फिरवली आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं. माणूस हुशार, उगाच नाही इतकी वर्षं निवडून येत. त्यांनी बाईंच्या हातून ताट घेतलं आणि घरचं कार्य असल्यासारखे आमच्याच आमदारांना आग्रह करत सुटले.

"घ्या ना, अजून एक घ्या. लाजता काय? बसा, बसून खा. घाई कसली आहे?"

माझं कलिंगड, माझी ट्रॉली, आणि यजमान हे!

मग मला जे सुचलं ते मी केलं. ट्रॉलीचा दांडा धरला आणि सभागृहामागून वळसा घालणाऱ्या व्हरांड्याने धूम ठोकली. ट्रॉलीचं एक चाक कुईकुई करत होतं. मागे बाई सुरी घेऊन धावत होत्या, "अहो, सावकाश, फळ फुटेल." त्यांच्यामागे प्रतोद. आणि त्याच्यामागे, तुम्हाला खोटं वाटेल, पण सगळं सभागृह! सत्ताधारी, विरोधी, अपक्ष, सगळे. तात्या डाव्या लॉबीच्या दारातून आपल्या माणसांना हाका मारत होते, पण कोण ऐकतो? मी उजव्या लॉबीत ट्रॉली घुसवली, माणसं आत ओतली गेली, घंटा थांबली, दारं बंद झाली. मी भिंतीला टेकून धापा टाकत हसत होतो. खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

मोजणी झाली आणि मी अधिकाऱ्यांच्या दीर्घेत, म्हणजे वरच्या गॅलरीत, जाऊन ऐटीत बसलो. अध्यक्ष वाचू लागले. होयच्या बाजूने आमच्या सगळ्या सरकारपेक्षा जास्त मतं! बाकं वाजली. नाहीच्या बाजूने दोन. एक तात्या.

दुसरं नाव वाचायला अध्यक्षांनी चष्मा पुसला. दुसरं मत होतं माननीय कृषिमंत्र्यांचं.

नंतर कळलं ते असं. तात्यांनी साहेबांना कोपऱ्यातल्या बाकावर बसवून कलिंगडाचा मधला गाभा कापून दिला होता. सगळे पळाले तेव्हा साहेबांना वाटलं, बरं झालं, गर्दी गेली, आता निवांत खाऊ.

मागणी मंजूर झाल्याबद्दल आभार मानायला साहेब उभे राहिले. हनुवटीवर अजून लाल थेंब होता.

"या खात्यावर ज्यांनी विश्वास दाखवला, त्या सर्वांचा मी आभारी आहे," ते म्हणाले.

"आणि आम्ही आपले," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. "आमच्या बाजूने शेवटपर्यंत एकटे आपणच थांबलात."

सभागृह कितीतरी वेळ हसत होतं. साहेबांनी हळूच मान वर करून दीर्घेत मला शोधलं. मी खाली वाकून बुटाची लेस बांधत बसलो होतो. पायात माझ्या चपला होत्या.