बावड्याच्या पुढं गाडी न्हाय

दौलततात्या गायकवाडांना दुपारचं जेवण झालं की झोप येत नसे, घोषणा येत असे. माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवर उभं राहून ते तोंडापुढे मूठ धरत, घसा साफ करत आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. बावड्याच्या पुढं गाडी जात न्हाय." मग नोंद घेतली गेली की नाही हे बघायला डावीउजवीकडे नजर टाकत. बोळात प्रवासी कुणी नसे. एक पिठाची गिरणी, एक शिंपी आणि मी. गिरणीवाला दळण न थांबवता हात वर करायचा आणि तेवढ्यावर तात्यांचं समाधान व्हायचं.

तात्या बारामतीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर गेली. निवृत्तीच्या दिवशी नारळ दिला, शाल दिली, माइक ठेवून घेतला. पण आवाज राहिला त्यांच्याकडेच, आणि तो कुठेतरी खर्च करणं भाग होतं. दूध नासलं तरी "प्रवाशांनी नोंद घ्यावी" म्हणून सुरुवात. भाच्याच्या लग्नात कुणीतरी भोळ्या माणसानं त्यांच्या हातात माइक दिला, तर त्यांनी जाहीर केलं की नवरदेव काही तांत्रिक कारणामुळं उशिरा सुटणार आहेत. मुलीच्या बापाला खुर्चीत बसवून पाणी पाजावं लागलं. नवरदेव फक्त दाढी करत होते.

रेल्वेवर त्यांचा जुना राग. आमच्या बारामतीची लाइन म्हणजे दौंडपर्यंत जाऊन येणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण तात्या तिलाही सोडत नसत. "रेल्वेला रूळ सोडून बाजूला घेता येत न्हाय," ते म्हणायचे. "आमचा डायवर रस्ता बंद असला तर उसाच्या बांधानं गाडी काढंल. ह्यो इंजनवाला काय करंल? शिट्टी वाजवंल." आणि नियतीचा खेळ असा की त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता नर्स होऊन परदेशात अशा शहरात गेली, जिथं रेल्वेशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. शहराचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या रेल्वेला तात्यांनी बारामतीतून पुरेसं ऐकवलं आहे.

मी नुकतंच क्लासमध्ये इंटरनेट घेतलं होतं. त्या काळी ते टेलिफोनच्या वायरीतून यायचं, येताना गुळण्या केल्यासारखा आवाज करायचं आणि आलं की फोन बंद पडायचा. गावातली बडी मंडळी येऊन बघून जायची आणि "बरं हाय" म्हणायची. तात्यांना आपलं काय दाखवावं म्हणून मी शोधत बसलो, तर सुजाताच्या शहरातल्या रेल्वेचा अख्खा नकाशाच सापडला. गाड्या जिथं व्यवस्थित चालल्या असतील तिथली रेघ हिरवी, आणि जिथं अडकल्या असतील तिथली लाल. लगेच, तिथल्या तिथे. तात्या खुर्ची ओढून बसले. माझी दुपारची झोप त्या दिवशी संपली.

आपली दुपार म्हणजे तिथली सकाळ, सुजाताची दवाखान्यात निघायची वेळ. ताटावरून उठून तात्या थेट क्लासमध्ये. पोरांना मी टायपिंगला लावायचो आणि एक मशीन तात्यांना द्यायचो. भाड्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अधूनमधून ते पेरू आणून ठेवायचे.

तिथल्या स्टेशनांची नावं त्यांच्या जिभेला वळेनात. मग त्यांनी सरळ नवी नावं दिली. सुजाता राहते ते बावडा, कारण गायकवाडांचं मूळ गाव बावडा. तिचा दवाखाना ते इंदापूर. नदीच्या काठाला दोन लाइनी एकत्र येतात ते नरसिंहपूर. गावाबाहेर एक स्टेशन रिकाम्या जागेत पडलं होतं, त्याला सुपे. नकाशा छापून घेऊन त्यांनी त्यावर मराठीत नावं लिहिली आणि माझ्या भिंतीला चिकटवला. क्लासला नाव घालायला आलेल्या पालकांना मी तो भूगोल समजावून सांगणं सोडून दिलं होतं.

त्यातून व्हायचं ते एकदा झालंच. बावड्याचे एक गृहस्थ मुलाला क्लास लावायचा म्हणून चौकशीला आले होते. आत तात्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, बावडा-इंदापूर सेवा पूर्ण बंद, नरसिंहपूरला गर्दी फार, कधी सुरू होईल सांगता येत नाही. कंट्रोलरनं सांगितलेलं खोटं कसं असेल? स्टँडवर वर्षानुवर्षं हाच आवाज ऐकलेला. गृहस्थ स्टँडकडे फिरकलेच नाहीत, गुपचूप उठून बारामतीतल्या सासुरवाडीला मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी भांडायला आले तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "मी बातमी दिली. तुमी गाव तुमचं समजलात त्याला मी काय करू?" आणि वर त्यांना नकाशा दाखवायला बसवलं. जाताना तो माणूस सुजाताची लाइन सुरू झाली का विचारून गेला.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. रेघ लाल झाली की तात्या खूश व्हायचे. चेहरा उजळायचा, टाळी वाजवायचे, "बसली," म्हणायचे आणि चपला माझ्या दारात सोडून अनवाणी समोरच्या त्यांच्या घरी पळायचे. हिरवी दिसली की तोंड पाडून पेरू सोलत बसायचे. मला वाटायचं, यष्टीवाल्याचा आकस. पोटची पोर तिकडं फलाटावर ताटकळते आणि बापाला रेल्वेची जिरल्याचा आनंद. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

तात्या हसले नाहीत. म्हणाले, सुजी रोज वार्डात पोचली की दोन रिंगा देते आणि ठेवते. उचलायचं नाही, पैसे पडतात. दोन रिंगा म्हणजे पोचले, बरी आहे. वार्डात तिला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि घरी येते तेव्हा आपल्याकडे निजानीज झालेली असते, मग बापाची झोप मोडायला नको म्हणून करत नाही. "पर गाडी अडकली की ती तरी काय करंल? फलाटावर फोनचा डबा हाय. मग बोलती."

एवढंच ते म्हणाले आणि परत नकाशाकडे वळले. तात्यांची बायको, आमच्या काकू, सुजाताच्या लग्नाआधीच, म्हणजे जे लग्न अजून झालंच नव्हतं त्याच्या कितीतरी आधी, गेल्या होत्या. घरात बोलायला कुणी नव्हतं. तेव्हापासून मीसुद्धा त्या लाल रेघेची वाट बघू लागलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आमच्या अटी मात्र सभ्य होत्या. कुणाला खरचटू नये, कुणाचं काम अडू नये. नुसता सिग्नल बिघडावा, अर्धा तास.

आणि नेमकी त्या वर्षी तिकडच्या लोकांना अवदसा आठवली. गाड्या वेळेवर धावू लागल्या. आठवड्यामागून आठवडे सगळं हिरवंगार. तात्यांची तब्येत उतरली. घोषणा बंद झाल्या, गिरणीवाला स्वतःहून विचारू लागला की बावड्याचं काय. "चांगलं चाललंय," तात्या म्हणायचे, आणि ते इतक्या पडेल आवाजात की तो परत दळणाकडे वळायचा. एकदा मला म्हणाले, तिकडं पाऊसपाणी काही होतं का बघ जरा. मी बघितलं. स्वच्छ ऊन होतं.

अशातच आमच्या बोळात पाइपलाइनसाठी खणलं आणि तात्यांच्या बाजूची टेलिफोनची वायर तुटली. त्यांनी सुजाताला क्लासचा नंबर कळवला. आता पंचाईत अशी की नेट चालू असलं तर फोन लागणार नाही. म्हणून आम्ही नकाशा उतरवून घ्यायचो, नेट तोडायचो आणि स्क्रीनवर राहिलेल्या चित्राकडे बघत दोन रिंगांची वाट बघायचो.

त्या दुपारी नकाशा आला तो हिरवा. एक रेघ लाल नाही. मी नेट तोडलं, तात्यांनी पेरू काढला, आणि फोन वाजला. एक रिंग, दोन रिंगा. तिसरीही वाजली. तात्या माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी उचलला.

"दादा, तात्या आहेत का?" सुजाता होती. "गाडी बंद पडलीय. सिग्नल बिघडलाय म्हणतात. म्हटलं, आहे वेळ तर बोलावं."

तिच्या मागे गर्दीचा आवाज नव्हता, घोषणा नव्हती. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती घरातच होती, सुट्टी असावी. मी फोन तात्यांच्या हातात दिला आणि तिचंच वाक्य त्यांना सांगितलं. तात्यांनी स्क्रीनकडे बघितलं. बावड्यापासून इंदापूरपर्यंत हिरवी रेघ सरळ गेली होती. दुसरी शिट्टी मलाही ऐकू आली, म्हणजे त्यांनाही आलीच.

"व्हय," तात्या म्हणाले, "दिसतंय की हितं. लाल हाय."

मग त्यांनी तिला फलाटावर बसायला जागा आहे का विचारलं. पोटात काही आहे का विचारलं. लाइन मोठी बिघडलेली दिसते, लवकर काही सुरू व्हायची नाही, असंही सांगितलं. पलीकडून तिचं बोलणं सुरू झालं, आधी भराभर, मग थांबत थांबत. तात्या नुसते ऐकत होते. मी पोरांना सुट्टी दिली, मॉनिटर बंद केला आणि बाहेर जायला निघालो.

दार ओढून घेत होतो तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला. कंट्रोलरचा नव्हता तो, अगदी हळू होता.

"मला बी न्हाय करमत, सुजे," ते म्हणत होते. "मला बी न्हाय करमत."