वनमालाबाईंचा उत्कृष्ट पाठ

अकरा वाजता कॉलेजचे सर अंतिम पाठ बघायला येणार होते, म्हणून साडेनऊपासूनच स्वप्नाली पोरांकडून "माहीत न्हाई" म्हणून घेत होती.

डी.एड.च्या पाठाची एक रीत असते. बाईनं सुरुवातीला चार-पाच प्रश्न विचारायचे, पोरांनी त्यांची उत्तरं द्यायची आणि शेवटच्या प्रश्नाला अडकायचं. पोरं अडकली की बाईनं हसून म्हणायचं, "चला तर मग, आज आपण हेच शिकूया," आणि फळ्यावर पाठाचं नाव लिहायचं. या अडकण्याला गुण असतात. पोरं अडकली नाहीत तर शिकवणार काय, असा सरकारी हिशेब आहे.

"तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं, ते कुठं गेलं?" स्वप्नालीनं विचारलं.

"वाफ झाली त्याची," अंजू म्हणाली. अंजू चौथीत होती आणि घरी भाकरी तीच थापायची.

"अंजे, कालपासून काय सांगायलेय मी?"

"पण ताई, मला येतंय की."

"येतंय तरी न्हाई म्हणायचं. मी अशी भुवई उचलली की सगळ्यांनी म्हणायचं, माहीत न्हाई."

पोरांनी म्हणून दाखवलं. ढगेवस्तीच्या शाळेत तेव्हा पहिली ते चौथी मिळून एकोणीस पोरं होती. उरलेली आईबापांबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला गेली होती. चार महिने या एकोणिसांना एकटी स्वप्नालीच शिकवत होती. कागदावर तिचं नाव प्रशिक्षणार्थी. अनुभवी शिक्षकाच्या शेजारी बसून, बघून बघून शिकायचं, त्याला आंतरवासिता म्हणतात. तिला अनुभवी शिक्षक म्हणून नेमून दिलेल्या वनमालाबाई तिनं अजून डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. बाई बीडला राहायच्या. त्यांचे मालक विजयसिंहदादा पुढारी होते, त्यामुळं बाईंना वाटेवरच्या चकलांब्याच्या पलीकडची हवा मानवत नव्हती. मुख्याध्यापक बिभीषण गुरुजी दिवसभर मोबाइलवर माहिती भरायचे. पोरं किती जेवली, किती पोरांनी हात धुतले, हात धुतानाचे फोटो. शाळेत शिकवणं सोडून बाकी सगळं वेळच्या वेळी वर जात होतं.

स्वप्नालीला मात्र हे साल काढायचंच होतं. तिच्या बापानं, सटवानं, अर्धी मेंढरं विकून कॉलेजची फी भरली होती आणि एकच गोष्ट बजावली होती, "या साली पास झालीस तर मास्तरीण. न्हाईतर आष्टीकडचं ते पोरगं बघून ठिवलंय." आजचा पाठ पदरात पडला की शाळेचा अनुभव पुरा, परीक्षेचा रस्ता मोकळा.

सव्वादहाला फाटकाशी जीप थांबली. कॉलेजचे सर लवकर आले म्हणून तिनं साडीचा पदर खोचला. पण उतरले ते गटशिक्षणाधिकारी साहेब. तालुक्याला येऊन दोनच महिने झालेले, अंगात अजून दम होता.

"वनमालाबाईंबद्दल तक्रार आहे," साहेब व्हरांड्यातच म्हणाले. "शाळेत येत नाहीत म्हणे. कुठं आहेत?"

बिभीषण गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. बाई नाहीत म्हणावं तर दादा गुरुजींची बदली तेलंगणाच्या शिवेवर करतील. आहेत म्हणावं तर दाखवायची कुणाला? गुरुजींनी वर्गात बघितलं. वर्गात फळ्यापाशी साडी नेसलेली एक बाई उभी होती. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो. गुरुजींनी स्वप्नालीला धरलं.

"ह्या काय, ह्याच वनमालाबाई. रोज सगळ्यांच्या आधी येत्यात."

स्वप्नालीच्या हातातला खडू तुटला. तिनं तोंड उघडलं, तर गुरुजी साहेबांच्या पाठीआडून हात जोडत होते. अनुभवाच्या दाखल्यावर सही याच हातानं व्हायची होती. तिनं तोंड मिटलं.

"बऱ्याच लहान दिसता, मॅडम," साहेब म्हणाले. "आणि ही गणवेशासारखी साडी?"

साडी गणवेशासारखी नव्हती, गणवेशच होती. आकाशी अंग, जांभळे काठ, कॉलेजनं सक्तीनं घ्यायला लावलेली.

"उपक्रम हाय साहेब," गुरुजी म्हणाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत कशालाही उपक्रम म्हटलं की ते चालतं. "लेकरांला गणवेश, मग शिक्षकाला कावून न्हाई?"

साहेबांना हे भलतंच आवडलं. त्यांनी स्वप्नालीचा फोटो काढला आणि तिथल्या तिथं तालुक्याच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं की, सर्व शाळांनी आठ दिवसांत अंमलबजावणी करावी. मग त्यांनी खिशातून कागद काढला.

"तुमच्याकडं एक प्रशिक्षणार्थी मुलगी दिलीय. स्वप्नाली. ती कुठंय?"

गुरुजींपाशी आता बाई एकच होती आणि ती वापरून झाली होती.

"आज आली न्हाई, साहेब."

"न सांगता?"

"आजकालची पोरं, साहेब. गांभीर्य न्हाई."

"तिची हजेरी आणा."

गुरुजींनी वही आणली. साहेबांनी लाल पेन काढून स्वप्नालीच्या डोळ्यांदेखत तिच्या नावापुढं लिहिलं, 'विनापरवानगी गैरहजर', आणि खाली सही ठोकली.

"अशाच पुढं शिक्षिका होतात, मॅडम," ते तिला म्हणाले. "तुम्ही बोललं पाहिजे त्यांना."

"बोलते," स्वप्नाली म्हणाली.

साहेब चहाला टेकले तेवढ्यात गुरुजी तिच्या कानाशी आले. "पोरी, तासाभराचा प्रश्न हाय. कॉलेजचा धोंडीराम आपलाच माणूस. संध्याकाळी फोन लावतो, सगळं निस्तरतो."

"गुरुजी, ते सर आत्ता येतेत. माझा पाठ हाय."

"पाठ तर व्हायलाच लागलाय की. नुसतं नाव दुसरं."

अकराला धोंडीराम सर मोटरसायकलवर आले. सर कॉलेजात तासावर होते आणि तास नव्हतेच. दोन वर्षांत वर्ग भरला नव्हता, त्यामुळं सरांनी मुली पाहिल्या नव्हत्या आणि मुलींनी सर पाहिले नव्हते. भरलं होतं ते फक्त रजिस्टर.

"स्वप्नालीचा अंतिम पाठ आहे," सरांनी बॅग ठेवत सांगितलं.

"तुमची विद्यार्थिनी दांडी मारून बसलीय," साहेब म्हणाले. "मी नोंद केलीय, तिथं तुमचीही सही करा. आणि आलाच आहात तर बसा, शिकवणं काय असतं ते बघा. ह्या वनमालाबाई."

साहेबांपुढं नाही म्हणायची तासावरच्या माणसाची टाप नसते. सरांनी सही केली. मग त्यांनी स्वप्नालीकडं नीट पाहिलं. "साडी ओळखीची वाटते. आमच्या कॉलेजची अशीच आहे."

"म्हणजे तुम्ही आमचा उपक्रम उचललात," साहेब म्हणाले.

"हो, तसंच असेल," सर म्हणाले.

मग स्वप्नालीनं पाठ घेतला. तिनं असा पाठ घेतला की विचारू नका. रागानं माणसाचं अक्षर बिघडतं, तिचं सुधारलं. तवा, वाळणारं धुणं, उन्हाळ्यात आटणारा वस्तीचा पाझर तलाव, एकेक प्रश्न ती दगड भिरकवावा तसा टाकत गेली आणि पोरं झेलत गेली. शेवटच्या प्रश्नाला तिनं भुवई उचलली आणि एकोणीस पोरं एका सुरात म्हणाली, "माहीत न्हाई." सरांनी सवयीनं मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

पाठ संपल्यावर साहेबांना पोरांशी बोलायची हुक्की आली. त्यांनी अंजूला उभं केलं.

"बाळ, तुमच्या बाईंचं नाव काय?"

गुरुजींनी भिंत धरली. अंजूनं ताईकडं पाहिलं. ताईची भुवई भीतीनं आपोआप वर गेली होती.

"माहीत न्हाई," अंजू म्हणाली.

"माहीत न्हाई," मागून अठरा पोरं म्हणाली.

साहेबांनी शेरेबही मागवली आणि लिहिलं, 'श्रीमती वनमालाबाईंचा पाठ उत्कृष्ट. शिक्षिका इतक्या प्रसिद्धिपराङ्मुख की विद्यार्थ्यांस त्यांचे नावही ठाऊक नाही. तक्रार निराधार.' खाली त्यांची सही आणि तज्ज्ञ म्हणून धोंडीराम सरांची.

संध्याकाळी गुरुजींनी शब्द पाळला. फोन लावला, सगळं सांगितलं.

"गुरुजी, आता काय करू मी?" पलीकडून सर म्हणाले. "ती हजर होती म्हणावं, तर मग शिकवत होती ती कोण? आणि दोन वर्षं मी तिला शिकवलंय असं रजिस्टर सांगतंय. समोर उभी असून ओळखली न्हाई म्हणल्यावर माझी भाकरी जाईल. तुमची जाईल, बाईची जाईल, साहेबाची बी चौकशी लागंल. चौघांच्या नोकऱ्या जाण्यापरास एका पोरीचं एक साल गेलेलं काय वाईट?"

गुरुजींना हिशेब पटला. तो सगळ्यांनाच पटला. कॉलेजला पटला, साहेबांना तर कळवायचीही गरज पडली नाही. मे महिन्यात वनमालाबाईंना तालुक्याचा गुणवंत शिक्षिका पुरस्कार मिळाला. दादांनी तो बाईंच्या वतीनं घेतला आणि गावजेवण घातलं. त्याच आठवड्यात स्वप्नालीला कॉलेजचं पत्र आलं. अंतिम पाठास विनापरवानगी गैरहजर राहिल्यामुळं तिनं आंतरवासिता पुन्हा पूर्ण करावी. सोबत प्राचार्यांनी मायेनं एक ओळ घातली होती, 'आपण गुणवंत शिक्षिका श्रीमती वनमालाबाई यांच्याच हाताखाली राहून त्यांच्यासारखे शिकवण्याचा प्रयत्न करावा.'

सटवाला पत्र वाचता येत नव्हतं. स्वप्नालीनं वाचून दाखवलं आणि त्या दिवशी काय घडलं तेही सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी मेंढरं भावाच्या हवाली केली आणि पोरीला घेऊन शाळा गाठली. पोरीचे कागद परत घ्यायचे आणि आष्टीला निरोप धाडायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

बिभीषण गुरुजी खुर्चीतून उठले. जूनमध्ये शाळा भरणार, पोरं येणार आणि शिकवायला कोण? त्यांनी सटवाला स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

"सटवाभाऊ, एक साल द्या. अशी शिकवणारी पोरगी सगळ्या तालुक्यात न्हाई. मी लिहून देतो."

"लई चांगली शिकवती?"

"लई म्हंजे लई."

"मग नापास कावून?"

गुरुजींनी मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला.

"माझ्याकडं राखणीला एक गडी हाय," सटवा म्हणाला. "आळशी हाय, दारू पितो, मी त्याला रोज शिव्या घालतो. पण तो कळपापाशी उभा असला तर मी तो उभा हाय असंच म्हणतो, गुरुजी. मला सही येत न्हाई, तरी एवढं येतं."

सटवा पोरीकडं वळला. "बोल. आष्टी का हितंच?"

स्वप्नालीनं रिकाम्या वर्गाकडं पाहिलं. "हितंच. एक साल."

"एकच," बाप म्हणाला आणि वाटेला लागला.

जूनमध्ये शाळा भरली. वनमालाबाई नव्हत्याच. पुरस्कार मिळाल्यापासून त्यांना जागोजाग मार्गदर्शनाला बोलावणं असायचं. गुरुजींनी टेबलावर दोन मस्टर ठेवली, एक शिक्षकांचं, एक प्रशिक्षणार्थींचं.

"कशावर सही करू?" स्वप्नालीनं विचारलं.

"दोन्हीवर करून टाक," गुरुजी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले. "बाईंच्या रकान्यात बाईंची, तुझ्यात तुझी."

तिनं पेन उघडलं. आपल्या रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं. मग वनमालाबाईंच्या रकान्यातही आपलंच लिहिलं. स्वप्नाली सटवा, वळणदार, पूर्ण, कुणालाही लांबून वाचता येईल असं. कुणीतरी पकडावं, ओरडावं, चौकशी लावावी, एकदाचं काय ते व्हावं. दुसऱ्या दिवशीही तिनं तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. दिवाळी गेली, उसाचा हंगाम आला, पोरं कारखान्यावर गेली, ती लिहीत राहिली.

मार्चमध्ये साहेब वार्षिक तपासणीला आले. त्यांनी दोन्ही मस्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पालथी घातली, चष्मा पुसला आणि वनमालाबाईंच्या रकान्याखाली लाल शाईनं शेरा मारला, 'वर्षभर नियमित. अक्षर सुंदर.'