चारच्या आत आवरा

हिराजीतात्या हवामानाचा अंदाज ओरडून सांगतात. मी त्यांच्यापुढे दोन हात अंतरावर उभी असते, हातात चहाचा कप धरलेला असतो, तरीही ओरडूनच. "बाई, आज घाटाकडनं येनार! चारच्या आत आवरा!" लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच चैत्रात मी समजले, की म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. म्हणून मीही ओरडून म्हणाले, "हो तात्या, आवरते!" त्यांनी दचकून कानावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वरडताय कशाला? मी काय भयरा हाय?"

आमचं गाव कर्जत आणि नेरळच्या मध्ये, उल्हास नदीच्या काठावर. गावाच्या टोकाला उतारावर आमची तीन घरं. सगळ्यात वर तात्यांचं, मध्ये आमचं आणि खाली, नदीला जवळजवळ टेकून, तात्यांच्या धाकट्या भावाचं, कुंडलिकभाऊंचं. मी शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवते म्हणून सगळे मला बाई म्हणतात. सासूबाईसुद्धा चारचौघांत बाईच म्हणतात.

तात्या जन्मभर गवंडीकाम करत होते. हातून घमेलं उचलेनासं झालं तसं त्यांनी लक्ष जमिनीवरून काढून आभाळावर ठेवलं. भिंत सरळ आहे की नाही हे बघायचा त्यांचा जुना ओळंबा आता त्यांच्या पडवीच्या वाशाला टांगलेला असतो. तो कुठल्या बाजूला झुकतो यावरून वारा ओळखायचा. फोनवर येणाऱ्या अंदाजावर त्यांचा विश्वास नाही. मी एकदा वाचून दाखवलं, 'अंशतः ढगाळ, तुरळक ठिकाणी पाऊस.' तात्या म्हणाले, "तुरळक म्हंजे कुनाच्या घरावर, ते नाय सांगितलं?"

चैत्र लागला की ते काठी घेऊन नदीच्या पात्रात टिटवीची अंडी बघायला जातात. टिटवीने अंडी खाली वाळूत घातली तर पूर नाही, वर बांधावर घातली तर पाणी चढणार, असा हिशेब. एका वर्षी एक जोडी खाली आणि एक वर सापडली. तात्या दोन दिवस दोन्हीकडे खेपा घालत राहिले. विचारलं तर म्हणाले, "टिटव्यांचंच एकमत नाय, तर मी काय सांगू?"

आळीतल्या बायकांना मात्र त्यांच्याशिवाय चालत नाही. आमच्याकडे वाळवणं नेमकी चैत्र-वैशाखात, आणि वळवाचा पाऊसही तेव्हाच. तांदळाचे पापड खाटेवर पसरले आणि घाटाकडून ढग आले, की वर्षभराचं तोंडीलावणं गेलं. म्हणून सासूबाई पीठ शिजवण्याआधी मला वर पिटाळतात, "जा, हिराजीला इचारून ये." विचारलं, की उत्तर द्यायला तात्या आमच्या अंगणात उतरतात.

अंदाज सांगून तात्या थांबले असते तर एक बरं होतं. पण ते तयारी तपासायला घरात येतात. पत्र्याचा एकेक हुक हलवून बघतात, तारेवर आलेली आंब्याची फांदी दाखवतात, आणि रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगायला लावतात. माझी शाळेची कागदपत्रं कपाटाच्या खालच्या खणात होती. ती बघून ते इतके कळवळले की मला लाज वाटली. त्यांनी स्वतः ती पिशवी टांगली, आणि गवंड्याने टांगली म्हणजे कुठे, तर पार शेवटच्या वाशाला. पुढे शाळेत मूळ प्रमाणपत्र मागितलं तेव्हा मला सुताराकडून शिडी आणावी लागली.

पण या माणसाची खरी गंमत पाऊस येऊन गेल्यावर सुरू व्हायची. अंदाज चुकला की तात्या खूश! पाऊस म्हणाले आणि ऊन पडलं, की आळीभर हिंडून सांगायचे, "चुकला! साफ चुकला!" आणि बरोबर आला की माणूस गायब. एका वैशाखात असं वादळ आलं की गावातले निम्मे पत्रे उडून शेतात पडले. आमचे त्यांनी बांधायला लावले होते, ते जागचे हलले नाहीत. सासूबाईंनी शिरा केला आणि माझ्या हाती पाठवला. तात्या पडवीत पाठ करून बसले होते. मी म्हणाले, "तात्या, तुम्ही सांगितलं म्हणून वाचलो." ते एकदम चिडले. "मी कुठं काय सांगितलं? मी काय बोललोच नव्हतो."

घरी येऊन मी सासूबाईंना म्हणाले, "आई, तात्यांचं डोकं ठिकाणावर नाही." त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हाय ठिकानावर. तुला म्हाईत नाय म्हून."

मग त्यांनी सांगितलं. वाटणी झाल्यावर कुंडलिकभाऊंनी खालच्या जागेत घर बांधायला काढलं. तात्या म्हणाले, जोतं दोन फूट वर घे, नदी जवळ आहे. धाकटा म्हणाला, "तू गवंडी हायस, नदीचा मालक नायस," आणि दुसऱ्या गवंड्याकडून बांधून घेतलं. पहिल्याच मोठ्या पुरात घरात कमरेइतकं पाणी. तात्याच दोर बांधून उतरले. भावाला, भावजयीला, पोरांना एकेक करून वर आणलं. भाताची कणगी गेली, भांडी गेली, लग्नातलं लुगडं गेलं.

"सगळ्यांना आनलं, घोंगड्या दिल्या, चहा दिला," सासूबाई म्हणाल्या, "आनि मग हिराजी बोलला, 'मी बोललो व्हतो.' येवढंच गं. कुंडलिक तसाच भिजल्या अंगानं उटला आनि पोरांना घेऊन शाळंत जाऊन ऱ्हायला. अठरा वर्सं झाली, दोघं बोलले नायत."

तेव्हा मला त्या ओरडण्याचा अर्थ लागला. तात्या अंदाज मला सांगतच नव्हते. आमच्या अंगणात उभं राहून ओरडलं की खालच्या अंगणात ऐकू जातं, एवढाच माझा उपयोग. मी मुद्दाम बघायला लागले. तात्यांचं "चारच्या आत आवरा!" झालं, की खाली कुंडलिकभाऊ बाहेर यायचे, वर मान न करता पेंढ्याच्या उडवीवर प्लॅस्टिक ओढायचे, पत्र्यावर दगड ठेवायचे आणि आत जायचे. तात्याही खाली न बघता परत फिरायचे. मला आधी दोघांचा रागच आला. नातवंडं झालेली माणसं, आणि भांडण तीन शब्दांचं. मग आठवलं, मी स्वतः माझ्या बहिणीशी गेल्या दिवाळीपासून बोलले नव्हते. राग गिळून मी माझं खांबासारखं उभं राहण्याचं काम चालू ठेवलं.

यंदा होळी झाली आणि तात्यांना न्यूमोनिया झाला. कर्जतच्या दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आले ते पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रडकुंडीला आल्या. "डाक्टर म्हनतो छाती साफ हाय. पन जेवत नाय, उटत नाय, आभाळाकडं बघत नाय. असा मानूस किती दिस काढनार, बाई?"

मी जाऊन बसले. डोक्यावर ओळंबा वाऱ्याने हलत होता. म्हणाले, "तात्या, पापड घालायचेत. काय म्हणता?" भिंतीकडूनच आवाज आला, "घाला, नायतर नका घालू."

घातले, आणि भिजले. कुंडलिकभाऊंची उडवीही त्या दिवशी उघडीच राहिली. पाऊस थांबल्यावर ते अंगणात उभे राहून वर, तात्यांच्या घराकडे बघत होते. भिजलेल्या पेंढ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी त्यांना वर बघताना पहिल्यांदाच बघत होते.

वैशाखातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते, अंगाची लाही होत होती. मी अंगणात पीठ चाळत होते, सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. खालच्या पायऱ्या चढून कुंडलिकभाऊ आमच्या अंगणात आले. मी या घरात आल्यापासून ते कधी आले नव्हते. मी गडबडून पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही. टोपी नीट केली, खाकरले आणि माझ्यापुढे दोन हात अंतरावर उभं राहून ओरडले, "बाई! आज पाऊस नाय!"

मी पूर्वेकडे पाहिलं. घाटावर आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"अहो भाऊ..."

"ढग माथेरानकडनं येतायत! निस्ते कोरडे!" ते माझ्याकडे बघतच नव्हते. "पापड घाला बिनघोर! पत्रे बांधायची बी काय गरज नाय!"

माथेरान आमच्या पश्चिमेला. तिथे स्वच्छ ऊन होतं. पहिलीतल्या पोराने सांगितलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी मला हाताने गप्प केलं.

वर खाट करकरली. काकींचा आवाज आला, "अवो, पडाल! धरा मला!" आणि अंगणाच्या कडेला, पडवीचा खांब धरून, अंगावर शाल घेतलेले तात्या दिसले. निम्मे उरले होते. आवाजही फाटलेला, पण चढवलेला.

"कोन म्हनतो माथेरानकडनं? डोळं फुटलं काय तुजं, कुंडलिक? घाटाकडं बघ! चारच्या आत येतोय! उडवी झाक जा!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या वर्षांनी ते नाव त्या तोंडून निघालं होतं. कुंडलिकभाऊंची मान खाली गेली. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "झाकतो, दादा," आणि पायऱ्या उतरून गेले.

मी कुंपणाशी जाऊन खाली पाहिलं. उडवीवर निळं प्लॅस्टिक ओढलेलं होतं, चारी कोपरे दोरीने आवळलेले. पत्र्यावर दगड मांडलेले. सगळं सकाळीच करून ठेवलेलं असणार. झाकायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून कुंडलिकभाऊ उगाच एक गाठ सोडून पुन्हा बांधत होते, आणि वरून तात्या सांगत होते, "आजून आवळ. आजून."

चारला पाऊस आला आणि तासाभराने गेला. अंदाज बरोबर आला होता, म्हणजे तात्या दोन दिवस दिसणार नाहीत असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठीचा आवाज आला. मी शाळेतून नुकतीच आले होते. तात्या एकेक पायरी थांबत उतरत होते. मी सवयीने चहा ठेवला, कप भरला आणि अंगणात जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिले. ते माझ्यासमोर आले. घाटाकडे बघितलं, श्वास घेतला. मी कान झाकायच्या तयारीत होते.

ते ओरडले नाहीत. "बाई, जरा बाजूला व्हा," म्हणाले, आणि माझ्या बाजूने खालच्या पायऱ्यांकडे गेले. सासूबाईंनी मला मागे ओढलं, नाहीतर मी हात धरायला गेले असते. खाली कुंडलिकभाऊ अंगणात खुर्ची आणून ठेवत होते. तात्या खुर्चीत बसले, भाऊ शेजारी जमिनीवर. नदीकडे तोंड करून काहीतरी बोलत होते. एवढ्या हळू आवाजात, की आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही.

त्यामुळे त्या दिवशी आम्हाला अंदाज कुणी सांगितलाच नाही. चारच्या सुमाराला सर आली आणि खाटेवरचे सगळे पापड भिजले. मी धावले तशी सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. भिजू दे." त्या खालच्या अंगणाकडे बघत होत्या. तिथली खुर्ची पावसात तशीच राहिली होती, आणि तात्या भावाच्या घरात होते.